दुर्बिणीचें ओझें

परवां रविवारीं पहांटे मी माझ्या नातीवर ओरडलों. ही गोष्ट आमच्या घरांत इतकी अपूर्व होती कीं, सूनबाई हातांतलें पातेलें तसेंच घेऊन स्वयंपाकघरांतून बाहेर आली, समोरच्या बिऱ्हाडाचें दार उघडून धाकट्या भावानें "काय झालें?" म्हणून विचारलें, आणि जिच्यावर मी ओरडलों ती पोर तर रडावयाचेंसुद्धां विसरून माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

तिचा अपराध म्हणाल तर कांहींच नव्हता. यंदाच्या वाढदिवसाला तिला नवी सायकल मिळाली आहे, आणि थंडी पडूं लागल्यापासून दर रविवारीं आम्ही आजोबा-नात पाषाणच्या तळ्यावर पक्षी पाहावयास जातों. त्या दिवशीं सर्व तयारी आपणच करावयाची असें तिनें ठरविलें होतें. आमचें बिऱ्हाड तळमजल्यावर असल्यामुळें सायकली दाराशींच उभ्या असतात. मी बाहेर येऊन पाहतों, तों दुर्बीण टॉवेलांत गुंडाळून तिनें माझ्या सायकलच्या कॅरिअरला रबरी पट्ट्यांनीं करकचून बांधलेली. "बघा आजोबा, आतां ती जराही हलणार नाहीं," असें ती मोठ्या अभिमानानें म्हणाली, आणि मी ओरडलों, "सोड ती! आधीं सोड!"

मागाहून सर्वांनीं मला विचारलें कीं, एका दुर्बिणीकरितां पोरीवर एवढें ओरडण्यासारखें काय होतें? मीं कांचा, लोलक, धक्के असें कांहींतरी पुटपुटून वेळ मारून नेली. मीं सांगितलें तें खोटें नव्हतें. पण माझा आवाज ज्या कारणानें चढला तें कारण तें नव्हे. तें कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वींचें आहे, आणि तें सांगावयाचें तर पक्षी पाहणाऱ्या माणसाच्या ओझ्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.

पक्षी पाहण्याचा छंद हा वस्तुतः सर्व छंदांत कमी खर्चाचा व कमी ओझ्याचा. डोळे, कान आणि पहांटे उठण्याची संवय एवढें भांडवल असलें कीं पुरे. परंतु मनुष्य स्वभावतःच संग्रही. त्याला लवकरच दुर्बीण हवीशी वाटते. मग पुस्तक, मग वही, मग दूरच्या बदकांसाठीं एका नळीची मोठी दुर्बीण, ती ठेवावयास तिवई, आणि आतांशा तर हातभर लांबीचें भिंग लावलेला कॅमेरा. आठपट मोठें दाखविणारी आजची चांगली दुर्बीण सहाशें ते आठशें ग्रॅम भरते. मोठी दुर्बीण आणि तिवई मिळून तीन-चार किलोंचा भार सहज होतो. मोटारींतून जाणाऱ्यास या वजनाची गणतीच नसते. पायीं जाणाऱ्यास तें खांद्यावर कळतें. सायकलवाल्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या बाबतींत ओझें नुसतें ओझें राहत नाहीं, त्याला स्वभाव येतो. उंच बांधलें कीं तें वळणावर आपल्याला कलवूं पाहतें. एका बाजूला टांगलें कीं हँडल दुसऱ्या बाजूला ओढून धरावें लागतें. सैल राहिलें तर चाकाच्या तारांत शिरण्याची संधि शोधूं लागतें.

हें ओझें कसें बांधावें तें मी गवळ्यांपासून शिकलों. दुधानें भरलेल्या किटल्या सायकलला अडकवून गवळी पेठांतून हिंडत असत, त्यांच्याकडे पाहिलें कीं सारा धडा डोळ्यांपुढें येई. दोहों बाजूंस भार सारखा, आणि तो जितका खालीं नेतां येईल तितका खालीं. मला मात्र ही अक्कल आरंभीं नव्हती. एका मित्राच्या कॅमेऱ्याची तिवई कॅरिअरवर आडवी बांधून मी पहिल्यांदा निघालों, तेव्हां मंडईच्या कोपऱ्यावर एका बाईंची भाजीची पिशवी तिच्या पायांत अडकली व माझ्याबरोबर दहा पावलें आली. मागून ज्या शब्दांनीं माझा गौरव झाला ते येथें लिहिण्याजोगे नाहींत. तेव्हांपासून तिवई मी सायकलच्या दांडीला लांबीनें बांधतों, आणि तीहि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनीं; सुतळी धक्क्यानें सैल होते, ट्यूबची पट्टी आपल्या अंगच्या ताणानें वस्तूला धरून ठेवते. वही सदऱ्याच्या खिशांत असावी व तिच्याबरोबर शिसपेन्सिल. शाईनें लिहिलेलीं अक्षरें दंवानें ओघळतात. पाण्याची बाटली आणि पुस्तक हीं एका पिशवींत कधींहि ठेवूं नयेत. माझ्या पुस्तकांतील सर्व बदकें एकदां खरोखरच पाण्यांत पोहलीं आहेत.

इतकी यातायात करून सायकलनेंच कां जावें, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें कीं, सायकलवरचा मनुष्य पक्ष्यांना मनुष्य वाटत नाहीं. तारेवर बसलेला वेडा राघू किंवा कोतवाल आपण जवळून गेलों तरी बहुधा मान वळवून पाहत राहतो. रस्त्यानें जाणारी ती एक वस्तु आहे, अशी त्याची समजूत असावी. आपण उतरलों कीं त्याच्या दृष्टीनें आपण मनुष्य झालों, आणि मग तो बसत नाहीं. यासाठीं पक्षी दिसतांच ब्रेक न दाबतां सरळ पुढें निघून जावें, तीस-चाळीस पावलांवर उतरावें, आणि मागें वळून पाहावें. आणखी एक बारकावा आहे. पायडल एकदम थांबवूं नये. तें थांबलें कीं मागच्या चाकांतील फ्रीव्हील टक्-टक्-टक् असें वाजूं लागतें, आणि पहांटेच्या शांततेंत तो आवाज दवंडीसारखा ऐकूं जातो. हळूहळू पाय मारीतच उतरण्याच्या जागीं यावें. अमेरिकेंत डोरियन अँडरसन नांवाच्या एका गृहस्थानें २०१४ सालीं वर्षभर सायकलवरून तो देश पालथा घातला व सहाशेंहून अधिक जातींचे पक्षी पाहिले. आपले सलीम अली यांना मात्र मोटारसायकलचें वेड. १९५० सालीं स्वीडनमधील उप्साला येथें पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली तेव्हां त्यांनीं आपली मोटारसायकल बोटीनें युरोपांत नेली होती. थोरांचा हा एक कित्ता मीं गिरविला नाहीं, याचें मला वाईट वाटत नाहीं.

असो. आतां मूळ गोष्ट.

आमचे थोरले काका, ज्यांना सारें घर अण्णा म्हणत असे, ते एका शाळेंत संस्कृत शिकवीत. पक्ष्यांकडे ते शास्त्राच्या वाटेनें आले नाहींत, काव्याच्या वाटेनें आले. पुस्तकांत वारंवार भेटणारे चातक, खंजन, चक्रवाक हे प्रत्यक्षांत कोण, हें आपल्याला ठाऊक नसतां आपण वर्षानुवर्षें मुलांना त्यांचे श्लोक समजावून देतों, याची त्यांना लाज वाटूं लागली. सलीम अलींचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ सालीं निघालें होतें. त्याची एक प्रत अण्णांनीं मिळविली. पुढें १९५६ सालीं मुंबईस एका घरच्या लिलावांत त्यांनीं जर्मन बनावटीची दुर्बीण घेतली. आठपट मोठें दाखविणारी, तीस मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची, काळा रंग कडांवर झिजून आंतलें पितळ दिसूं लागलेली अशी ती होती. तिच्यामुळें काकूंच्या पाटल्यांचा बेत एक वर्ष पुढें गेला, आणि तें एक वर्ष पुढें कधीं संपलेंच नाहीं.

अण्णाही सायकलनेंच जात. पण त्यांची सायकल म्हणजे रिकामी सायकल. वही खिशांत, दोन दशम्या रुमालांत, आणि दुर्बीण अंगावर. ती ते गळ्यांत लोंबती ठेवीत नसत, कारण तशी ठेवली तर वांकतांना हँडलवर आपटते. पट्टा एका खांद्यावरून तिरपा घेऊन ती डाव्या काखेखालीं बरगड्यांशीं ते बसवीत, आणि वर कोटाचें बटण लावीत. त्यांची कारणमीमांसा साधी होती. कॅरिअरखालीं चाक आहे आणि चाकाखालीं रस्ता. रस्त्याचा प्रत्येक दगड कॅरिअरला जसाच्या तसा कळतो. माणूस मात्र कोपरांनीं, गुडघ्यांनीं, कमरेनें तो धक्का वाटेंतच जिरवून टाकतो. "देवानें इतक्या स्प्रिंगा फुकट दिल्या आहेत, त्या वापराव्या," असें ते म्हणत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां नारायण पेठेंतला आमचा वाडा मागल्या बाजूनें बसला. अण्णा एका हातानें आजीला धरून बाहेर पडले होते. घरांतलीं भांडींकुंडीं, ग्रंथांच्या दोन पेट्या, सर्व गेलें. दुर्बीण वांचली, कारण ती अंगावर होती.

१९७९ सालचा डिसेंबर. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला. अण्णांची निवृत्ति वर्षावर आलेली. त्या सुमारास मला यांत्रिक सुधारणांचें फार वेड होतें. मीं बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा मिळविला, त्याला भोंकें पाडून तो तारेनें कॅरिअरला पक्का केला, आंत जुन्या गोधडीचे तुकडे बसविले, आणि वर मऊ म्हणून थोरल्या वहिनींच्या बाळाचें एक दुपटें न विचारतां घेतलें. या पेटींत दुर्बीण, पुस्तक, डबा सर्व राहणार होतें, आणि अण्णांना या वयांत अंगावर कांहींहि वागवावें लागणार नव्हतें. रविवारीं पहांटे सगळें घर तो चमत्कार पाहावयास ओसरीवर जमलें. वहिनींनीं दुपटें ओळखलें, पण सर्वांसमोर त्या कांहीं बोलल्या नाहींत. अण्णांनीं पेटींत हात घालून पाहिला व म्हणाले, "चांगली केली आहेस. पण ती अंगावरच बरी असते रे."

"अण्णा, तुम्ही आतां कशाला ओझें घेतां? इतकी मऊ जागा केली आहे."

त्यांनीं माझ्या तोंडाकडे पाहिलें, आणि पट्टा खांद्यावरून काढला.

गणेशखिंडीच्या रस्त्यानें विद्यापीठापर्यंत सर्व ठीक झालें. पुढें पाषाणच्या वाटेवर एके ठिकाणीं रस्ता उकरून खडी पसरली होती. अण्णा जपून कडेनें पुढें निघून गेले. मीं सरळ सायकल घातली. पुढचें चाक खड्ड्यांतून निघालें, मागचें आदळलें, आणि पाठीमागें पत्र्याचा जो आवाज झाला तो मला अजून ऐकूं येतो. तार तुटून डबा खडीवर पडला होता. झांकण उघडलें होतें, आणि दुर्बीण दुपट्यासकट बाहेर येऊन दगडांवर आडवी झाली होती.

मीं ती उचलून उलटसुलट पाहिली. कांचा शाबूत होत्या. एका नळीच्या कडेला नखाएवढी पोंचट पडली होती, ती झिजलेल्या पितळांत दिसून येण्याजोगी नव्हती. मीं धूळ पुसली, दुर्बीण पुन्हां दुपट्यांत ठेवली, आणि दशम्यांच्या रुमालानें डबा कॅरिअरला आवळला. तेवढ्यांत अण्णा पुढून ओरडले, "काय झालें रे?"

"चेन उतरली, अण्णा," मी म्हणालों.

तें वाक्य मीं ठरवून उच्चारलें नाहीं. तें तोंडांत तयारच होतें. आणि एकदां बाहेर पडल्यावर तें मागें घेण्यास जितकें धैर्य लागतें, तितकें पडलेली दुर्बीण दाखविण्यास खचित लागलें नसतें.

तळ्यावर पोंचलों तेव्हां पाण्यावरचें धुकें विरळ होत होतें. कांठाच्या चिखलांत शेकाट्या आपल्या तांबड्या काटक्यांवर चालत होते, तुतवार शेपूट हलवीत हिंडत होता. पलीकडच्या बाजूस चिखलाच्या पट्टीवर कांहींतरी केशरी रंगाचें दिसलें. अण्णांनीं घाईघाईनें दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि त्यांचा श्वास रोखलेला मला जाणवला.

"चक्रवाक! आणि जोडी आहे रे, जोडी!"

नदीवर येरवड्याच्या बाजूस त्यांनीं चक्रवाकांचे थवे पूर्वीं पाहिले होते. पण पाषाणच्या तळ्याच्या त्यांच्या यादींत तो अजून नव्हता. आणि ज्या पक्ष्याच्या जोडीची रात्रीं ताटातूट होते म्हणून तीस वर्षें मुलांना सांगितलें, तो नेमका सकाळीं जोडीनें दिसावा, याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. त्यांनीं वही काढून लिहिलें. मीं नुसत्या डोळ्यांनीं त्या पट्टीकडे पाहिलें. केशरी ठिपका एकच होता.

मी बोललों नाहीं. धुक्यांत दुसरा कदाचित् आपल्याला दिसत नसेल, असें मीं मनाला सांगितलें. मग अण्णांनीं दुर्बीण जवळच्या एका खुंटावर बसलेल्या ढोकरीकडे वळविली. थोडा वेळ पाहिलें. दुर्बीण खालीं घेऊन धोतराच्या सोग्यानें कांचा पुसल्या, मग स्वतःचे डोळे पुसले, आणि पुन्हां पाहिलें. खुंट एक होता हें त्यांना ठाऊक होतें. त्यांनीं दुर्बीण शांतपणें तिच्या चामडी पेटींत घातली, बंद लावला, आणि म्हणाले, "ऊन झालें. चला."

परतीच्या वाटेवर ते एक शब्दहि बोलले नाहींत. दुर्बीण त्यांनीं स्वतःच्याच खांद्याला अडकविली होती.

पुढच्या आठवड्यांत ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उजव्या डोळ्यांत मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, वयोमानानें व्हावयाचेंच, पिकल्यावर काढूं, असें डॉक्टर म्हणाले. त्या काळीं मोतीबिंदु पिकेपर्यंत वाट पाहण्याची रीत होती. अण्णांना तेवढें पुरलें. वाचावयाला त्यांना कांहीं अडत नव्हतें, वर्गांत फळ्यावरचें दिसत होतें. पण पक्षी आपल्या डोळ्यांना आतां सोडून गेले, अशी त्यांची खात्री झाली. रविवारीं ते घरीं बसूं लागले. काकू रोज रात्रीं त्यांच्या डोळ्यांत गुलाबपाणी घालीत. संक्रांतीला त्यांनीं सर्वांना तिळगूळ दिला, मला जवळ बोलाविलें, आणि दुर्बीण माझ्या हातांत देऊन म्हणाले, "आतां तूंच वापर. तुझे डोळे तरुण आहेत."

त्या दिवसाइतका मी कधीं लज्जित झालों नसेन. तरीहि बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर तोंपर्यंत त्यांच्या डोळ्यांचा आणि त्या पडण्याचा संबंध आहे, हें मला पुरतें कळलेंच नव्हतें. किंवा मीं कळूं दिलें नव्हतें. डॉक्टरांचें निदान मला फार सोयीचें होतें.

पंधरा दिवसांनीं गच्चीवरून मीं परसांतल्या कडुलिंबावर बसलेला तांबट पाहावयास दुर्बीण लावली. तांबट दोन दिसले. एक वर, एक किंचित् खालीं तिरपा. माझे डोळे तर तरुण होते! मीं डावा डोळा मिटला, तांबट एक झाला. उजवा मिटला, तरी एकच. दोन्ही उघडले कीं पुन्हां दोन. मी तसाच गच्चीवर बसून राहिलों.

या दुर्बिणींची रचना अशी असते. प्रत्येक नळींत दोन, असे चार लोलक आंत बसविलेले असतात. भिंगांतून उलटी आलेली आकृति ते सुलटी करतात व लांब नळीचें काम आखूड नळींत भागवितात. पोरो नांवाच्या इटालियन माणसानें १८५४ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. दोन नळ्या मिळून आपल्याला एकच चित्र दिसतें तें केवळ या लोलकांच्या अचूक बैठकीमुळें. त्यांतला एखादा केसभर सरकला तरी दोन चित्रें एकमेकांवर बसत नाहींत. सरकणें अगदीं थोडें असेल तर डोळे बिचारे ओढाताण करून तीं जुळवितात, आणि मग कपाळ दुखूं लागतें. अधिक असेल तर त्यांचाहि नाइलाज होतो. पडलें तर हें होतेंच. पण महिनोन् महिने कॅरिअरवर धक्के खाल्ले तरी होऊं शकतें. मात्र एक डोळा मिटला कीं दोष नाहींसा होतो. तळ्यावर अण्णांनीं एक डोळा मिटून पाहिलें असतें, तर त्यांना त्याच क्षणीं समजलें असतें. परंतु दोष आपल्यांत आहे असें ज्याला आधींच वाटतें, तो वस्तूची परीक्षा करीत नाहीं.

बुधवारांतल्या एका बोळांत कॅमेरे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर होते. त्यांनीं दुर्बीण हातांत घेतली, उजेडाकडे धरली, आणि वर न पाहतां विचारलें, "केव्हां पडली?" "कशानें बिघडली" असें नव्हे. जो प्रश्न घरांत कोणींहि विचारला नव्हता तो त्यांनीं पहिल्याच क्षणीं विचारला, आणि मीं त्यांना सर्व खरें सांगितलें. परक्यापाशीं तें किती सोपें गेलें! आठ दिवसांनीं त्यांनीं दुर्बीण दिली, समोरच्या माडीच्या कौलांवरचें एक कबूतर मला दाखविलें, व पस्तीस रुपये घेतले. शिकवणीचे माझे पैसे त्यांत संपले, याचें मला समाधानच वाटलें.

त्या दिवशीं संध्याकाळीं अण्णा ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. मीं दुर्बीण त्यांच्या हातांत ठेवली व म्हणालों, "अण्णा, एकदां लावून पाहा."

"कशाला रे?"

"पाहा तर खरें."

त्यांनीं ती डोळ्यांना लावली. शेजारच्या वाड्याच्या पन्हळीवर एक पोपट बसला होता. बराच वेळ ते पाहत राहिले. मग दुर्बीण खालीं न घेतांच म्हणाले, "एकच आहे." मग मीं सांगावयास सुरुवात केली. खडी, डबा, दुपटें, कारागीर. ते मध्यें कांहीं बोलले नाहींत. झोपाळा मात्र थांबला होता. माझें संपल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "म्हणजे चेन उतरली नव्हती?"

"नाहीं, अण्णा."

स्वयंपाकघराच्या दारांत काकू केव्हां येऊन उभ्या राहिल्या होत्या, तें मला कळलें नाहीं. "दोन महिने माणूस डोळ्यांत गुलाबपाणी घालून घेत होता," एवढें बोलून त्या आंत गेल्या. अण्णा माझ्यावर रागावले असते तर मला बरें वाटलें असतें. ते उठले, आंत जाऊन आपली पक्ष्यांची वही घेऊन आले, आणि डिसेंबरचें पान उघडून मला म्हणाले, "चक्रवाक किती होते?"

"एक."

"तूं नक्की पाहिलास?"

"तेव्हांच पाहिला होता."

त्यांनीं '२' या आंकड्यावर एक बारीक आडवी रेघ मारली. गिरगटला नाहीं, खालचा आंकडा वाचतां यावा अशी. शेजारीं '१' लिहिला, कंसांत दुरुस्तीची तारीख घातली, आणि वही माझ्यापुढें करून म्हणाले, "येथें तुझी सही कर. पाहणारा तूं आहेस." मीं सही केली. माझा हात कांपत होता, तो त्या सहींत आजहि दिसतो. वही आतां मजजवळ आहे. त्यानंतर आठ-दहा दिवस अण्णा माझ्याशीं कामापुरतेंच बोलत. मोतीबिंदु त्यांना होताच, तो पुढें सहा-सात वर्षांनीं काढला. पण तीं सहा-सात वर्षें ते दर हिंवाळ्यांत तळ्यावर गेले. तळेंहि तेव्हां निराळें होतें. पुढें तें गाळानें व जलपर्णीनें भरत गेलें, आणि बदकांची जी दाटी त्या काळीं दिसे ती दिसेनाशी झाली.

दहाव्या-अकराव्या दिवशीं, रविवारीं पहांटे, माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. अण्णा कोट घालून उभे होते. डाव्या काखेखालीं कोट फुगलेला दिसत होता.

"चल," ते म्हणाले. "चेन पाहून घे."

मीं पत्र्याचा डबा कॅरिअरवरून केव्हांच काढून टाकला होता, आणि वहिनींचें दुपटें धुऊन परत दिलें होतें. काकूंनीं दशम्यांचा रुमाल मुकाट्यानें माझ्या हातांत दिला. तेवढा मीं कॅरिअरला बांधला, आणि आम्ही निघालों.